निश्चल की बेशुद्ध : वासरांच्या विद्युत्-भुलीचा इतिहास

कत्तलीपूर्वी जनावराच्या डोक्यातून काही सेकंद वीजप्रवाह सोडून त्याला बेशुद्ध करायचे आणि ते शुद्धीवर येण्याआधी रक्तस्राव घडवून त्याचा प्राण जाऊ द्यायचा, ही पद्धत साधारण शंभर वर्षांची आहे. डुकरे आणि मेंढ्या यांच्याबाबतीत ती लवकर रुळली. वासराच्या बाबतीत मात्र ती दीर्घकाळ अडखळत राहिली. विजेचा झटका बसल्यावर खाली पडलेले, हातपाय ताठ झालेले वासरू खरोखर बेशुद्ध आहे की ते फक्त हलू शकत नाही, हा प्रश्न नुसत्या डोळ्यांनी सुटणारा नव्हता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी शरीररचनाशास्त्र, मनोविकारशास्त्र, वीजशास्त्र आणि धर्मशास्त्र यांना एकत्र यावे लागले. ज्या प्राण्याला ओरडताही येत नाही त्याच्या वेदनेची दखल घ्यायची तर ती मोजावी लागते. या इतिहासातली बहुतेक मेहनत त्या मोजमापासाठी झालेली आहे.

विजेने पक्षी किंवा जनावर मारण्याचा सर्वांत प्रसिद्ध आरंभीचा प्रयोग अमेरिकेत झाला. वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांच्या साहाय्याने बेंजामिन फ्रँकलिन टर्की पक्षी मारून पाहत असत. २३ डिसेंबर १७५० रोजी असाच एक प्रयोग करताना झटका चुकून त्यांनाच बसला. ठिणगी मोठी होती आणि आवाज पिस्तुलासारखा झाला, असे भोवतालच्या लोकांनी त्यांना नंतर सांगितले. फ्रँकलिन यांना स्वतःला ना ठिणगी दिसली ना आवाज ऐकू आला. भान जाण्याचा वेग जाणिवेच्या वेगापेक्षा जास्त असू शकतो, याची ही फार जुनी साक्ष आहे, आणि ती माणसाची आहे म्हणून मोलाची. पण पुढची दीडशे वर्षे कत्तलखान्यांना तिचा काही उपयोग झाला नाही.

त्या दीडशे वर्षांत युरोपात वासराच्या वाट्याला आलेले मरण वाईट होते. बैलाच्या कपाळावर घण किंवा कुऱ्हाडीचा तुंबा घालून त्याला निदान पाडले जाई. वासरू लहान, त्याला उचलणे सोपे, म्हणून तेवढेही केले जात नसे. इंग्लंडमध्ये मांस पांढरेशुभ्र दिसावे यासाठी वासराचे रक्त आधीच थोडे थोडे काढून घेत, मग त्याला मागच्या पायांनी उलटे टांगून मान कापत. १८२४ साली लंडनमध्ये प्राणिक्रौर्यविरोधी संस्था स्थापन झाली. तिच्या कार्यकर्त्यांनी ज्या प्रथांविरुद्ध आवाज उठवला त्यांत हीही होती. १८९३ साली स्वित्झर्लंडमध्ये जनमत घेऊन, बेशुद्ध न करता जनावर कापण्यास राज्यघटनेनेच बंदी घातली गेली. या मोहिमेत प्राणिदयेबरोबर ज्यूद्वेषही मिसळलेला होता, ही गोष्ट लपवून चालणार नाही. पुढच्या काळातही ही दोन सूत्रे एकमेकांत गुंतलेली वारंवार आढळतात. १९०४ साली ब्रिटिश नौदल खात्याने नेमलेल्या समितीने, रक्त काढण्यापूर्वी प्रत्येक जनावर बेशुद्ध केले पाहिजे अशी स्वच्छ शिफारस केली. मात्र बेशुद्ध करायचे कसे, याचे साधन त्या वेळी प्रामुख्याने घण किंवा पिस्तूल हेच होते.

विजेचा मार्ग फ्रान्समधून उघडला. नाँत शहरातले स्तेफान लदुक यांनी १९०२ साली खंडित वीजप्रवाहाने कुत्र्यांना झोपेसारख्या अवस्थेत नेऊन दाखवले. माणसांच्या शस्त्रक्रियेसाठी विजेची भूल वापरता येईल, अशी त्यांची आशा होती. ती फळाला आली नाही. परंतु डोक्यातून गेलेला प्रवाह मेंदूचे काम थांबवू शकतो, ही कल्पना जर्मनीतल्या पशुवैद्यांपर्यंत पोहोचली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस म्यूनिकमध्ये माक्स म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्ष कत्तलखान्यात आणली. लाकडी मुठीचा एक मोठा चिमटा, त्याच्या दोन टोकांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गाद्या, आणि गाद्यांमागे विजेची तार, असे हे साधन होते. हा चिमटा डुकराच्या दोन्ही कानशिलांवर दाबला की ते कोसळत असे. घणाचा घाव नाही, किंचाळणे नाही. पाहणाऱ्यांना ही मोठीच सुधारणा वाटली, आणि काही वर्षांतच ही पद्धत युरोपभर पसरली.

१९३३ साली दोन देशांनी कायदे केले. ब्रिटनच्या कायद्याने गाईबैल आणि वासरे यांना यांत्रिक साधनाने किंवा विजेने बेशुद्ध करणे सक्तीचे केले. ज्यू आणि मुस्लिम पद्धतींना त्यातून सूट दिली. जर्मनीत नव्याने सत्तेवर आलेल्या नाझी सरकारने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरसकट सक्ती केली, आणि तिचा खरा रोख ज्यू समाजावर होता. जनावराच्या नावाने माणसांचा छळ करण्याच्या त्या कायद्याची छाया या विषयावर कायम राहिली. धार्मिक कत्तलीसंबंधी युरोपात आजही जी चर्चा होते, तिच्यात ज्यू समाज इतका सावध का असतो, हे त्याशिवाय समजत नाही.

या विषयाच्या इतिहासातले सर्वांत विलक्षण प्रकरण १९३०च्या दशकात रोममध्ये घडले. मनोविकारतज्ज्ञ उगो चेर्लेत्ती हे कृत्रिम रीतीने फिट आणून काही मनोविकार बरे करता येतात का, याचा शोध घेत होते. विजेने कुत्र्यांना फिट आणण्याचे त्यांचे प्रयोग चालू होते, पण एक इलेक्ट्रोड तोंडात आणि दुसरा गुदद्वारात ठेवल्यामुळे प्रवाह हृदयातून जाई आणि पुष्कळ कुत्री दगावत. रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना विजेने मारतात, असे त्यांच्या कानावर आले. ते पाहायला गेले, आणि तिथे त्यांना वेगळेच दिसले. चिमट्याने डुकराची कानशिले पकडली की ते ताठ होऊन पडे, मग त्याचे अंग झटके देऊ लागे, आणि त्या अवस्थेतच खाटीक त्याचा गळा कापी. जीव जात होता तो सुरीने. वीज मारत नव्हती. गळा कापला नाही तर डुक्कर थोड्या वेळाने उठून चालू लागे. चेर्लेत्तींना हवे होते ते उत्तर मिळाले: प्रवाह फक्त डोक्यातून गेला तर हृदय चालू राहते आणि फिट येते. एप्रिल १९३८मध्ये त्यांनी लुचो बिनी यांनी तयार केलेल्या यंत्राने एका रुग्णावर पहिला विद्युत्-उपचार केला.

कत्तलखान्याने वैद्यकाला जे दिले, ते वैद्यकाने दुसऱ्या रूपात परत केले. सुरुवातीच्या वर्षांत हा उपचार भूल न देता होत असे, त्यामुळे झटक्याच्या वेळी काय वाटते हे सांगणारी माणसे पहिल्यांदाच उपलब्ध झाली. ज्यांना पूर्ण फिट आली त्यांना झटक्याची काहीही आठवण नसे. ज्यांच्या बाबतीत प्रवाह अपुरा पडून फिट आली नाही, ते मात्र भयभीत होत. डुकराला, मेंढीला किंवा वासराला असे सांगता येत नाही. पण मेंदूची घडण आणि फिटीची चिन्हे सारखी असतील तर अनुभवही तसाच असणार, हे अनुमान माणसांच्या या साक्षीमुळे बळकट झाले. याच आधारावर पुढे एक निकष स्थिर झाला: विद्युत्-भूल यशस्वी झाली असे म्हणायचे तर अपस्मारासारखी पूर्ण फिट आलीच पाहिजे.

या निकषाची दुसरी, भेडसावणारी बाजू ब्रिटनमधील संशोधक फिलिस क्रॉफ्ट यांनी १९५२ साली मांडली. कत्तलखान्यातली तेव्हाची यंत्रे ७५ व्होल्टच्या आसपास चालत. जाड कातडी, कोरडे केस, काजळी धरलेले इलेक्ट्रोड आणि घाईत नीट न टेकलेला चिमटा यांमुळे मेंदूपर्यंत पोहोचणारा प्रवाह पुष्कळदा तुटपुंजा असे. अशा प्रवाहाने स्नायू आखडतात, जनावर लुळे पडते, श्वासही अडतो, पण त्याची शुद्ध जाईलच असे नाही. बाहेरून ते अगदी शांत दिसते. म्हणजे जी शांतता पाहून वीस-पंचवीस वर्षे लोकांनी समाधान मानले होते, तीच काही वेळा सर्वांत भयंकर अवस्थेची खूण असू शकत होती. क्रॉफ्ट यांचे म्हणणे नाकारणे कठीण होते, आणि ते ऐकल्यावर जुन्या चिमट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे त्याहून कठीण.

यातला हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. जनावराला बेशुद्ध करतो तो प्रवाह, म्हणजे अँपिअर. प्रवाह किती वाहील हे दाब आणि अडथळा यांवर ठरते. दोन इलेक्ट्रोडांमधल्या डोक्याचा अडथळा २०० ओहम धरला, तर ७५ व्होल्टचे यंत्र जेमतेम ०.३७ अँपिअर प्रवाह देईल. सव्वा अँपिअर हवा असेल तर २५० व्होल्ट लागतील. हॉलंडमध्ये होएन्डरकेन यांनी १९७८ साली डुकरांसाठी किमान १.२५ अँपिअर हा आकडा मांडला. १९८०च्या दशकाच्या आरंभी तिथल्याच लाम्बोय आणि स्पान्यार्ड यांनी खास वासरांवर काम केले: आधी बेशुद्ध करण्याच्या पिस्तुलाचा नेम कवटीवर नेमका कुठे असावा यावर, मग विजेच्या भुलीवर. यंत्रांचा दाब वाढत गेला. झटका पुरेसा बसतो की नाही, हा प्रश्न त्याने बराचसा सुटला. पण वासराचे खरे दुखणे झटक्यानंतरच्या मिनिटात होते.

ते दुखणे वासराच्या मानेत दडलेले आहे. १९६३ साली बाल्डविन आणि बेल या दोन ब्रिटिश संशोधकांनी मेंढी आणि वासरू यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तपासला. मेंढीच्या मानेतल्या दोन मुख्य धमन्या दाबून धरल्या की ती पाहता पाहता भान हरपते. वासराच्या त्याच धमन्या दाबल्या तर त्याच्या मेंदूच्या विद्युत्-आलेखात (ईईजी) फारसा फरक पडत नाही. गाईच्या जातीत मानेच्या मणक्यांमधून वर जाणाऱ्या वेगळ्या धमन्या आहेत, आणि त्या मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याला थेट रक्त पोहोचवतात. मानेवर कितीही खोल सुरी फिरवली तरी हाडाच्या आत असलेल्या या धमन्या कापल्या जात नाहीत. शिवाय कापलेल्या मुख्य धमन्यांची लवचीक टोके कधी कधी मागे सरतात, फुगतात, त्यांत रक्त साकळते आणि वाहणे मंदावते. रक्तदाब मग लवकर उतरत नाही. मेंढीसाठी पुरणारी रीत वासराला लावणे म्हणजे, शरीराच्या घडणीकडे दुर्लक्ष करून त्याच्यावर अन्याय करणे होते.

न्यूझीलंडमध्ये हा केवळ प्रयोगशाळेचा विषय नव्हता. त्या देशाची दुग्धव्यवसायाची घडी अशी आहे की जवळजवळ सगळ्या गाई तिथल्या वसंतात, म्हणजे जुलै ते सप्टेंबरच्या सुमाराला, एकदम वितात. दूध कारखान्याला जाते. कळपात भर घालण्यापुरत्या कालवडी ठेवल्या जातात. उरलेले गोऱ्हे आणि कालवडी यांना तिथे बॉबी काफ म्हणतात. चार दिवस पुरे झाले की ही वासरे ट्रकने कत्तलखान्यात जातात. एका हंगामात अशा वासरांची संख्या वीस लाखांच्या घरात गेलेली आहे. त्यांचे मांस निर्यात होते, कातडे कमावले जाते, आणि चौथ्या जठरातून चीज करण्यासाठी लागणारे रेनेट मिळते. महाराष्ट्रात गाय आणि तिचे वासरू यांच्या कत्तलीला १९७६च्या कायद्याने बंदी आहे, आणि भारत सरकारच्या कत्तलखान्यांसंबंधीच्या २००१च्या नियमांनुसार तीन महिन्यांहून लहान कोणतेही जनावर कापता येत नाही. त्यामुळे चार दिवसांच्या वासरांचे ट्रकच्या ट्रक कत्तलखान्याच्या दारात उभे राहण्याचे दृश्य मराठी वाचकाला कल्पनेनेच उभे करावे लागते.

१९७९च्या इराणी क्रांतीनंतर न्यूझीलंडच्या मांस उद्योगापुढे नवी अट आली. इराण आणि आखाती देशांची मोठी बाजारपेठ हवी असेल तर कत्तल हलाल असायला हवी, म्हणजे सुरी फिरते त्या क्षणी जनावर जिवंत असायला हवे. देशाची रीत मात्र आधी बेशुद्ध करण्याची होती. या दोन्हींचा मेळ विजेने घातला. प्रवाह फक्त डोक्यातून सोडला तर हृदय चालू राहते आणि जनावर, कापले नाही तर, पूर्ववत होते. रोममध्ये चेर्लेत्तींनी जे पाहिले होते तेच आता धर्माच्या कसोटीवर उतरले. मुस्लिम प्रतिनिधींना झटका दिलेले जनावर उठून चालताना दाखवता येत होते, आणि त्यांनी ही रीत मान्य केली. बिनभुलीच्या कत्तलीवरचा वाद युरोपात अजून धुमसत असताना न्यूझीलंडने तो मेंढ्यांपुरता चाळीस वर्षांपूर्वी समंजसपणे मिटवला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

मेंढ्यांपुरता, कारण वासराचे गणित जमत नव्हते. पामर्स्टन नॉर्थ येथील मॅसी विद्यापीठात ब्लॅकमोर आणि न्यूहुक यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेंढ्या आणि वासरे यांच्या मेंदूचे आलेख घेतले. दोन्ही धमन्या कापल्यावर मेंढी काही सेकंदांत बेशुद्ध होते. काही वासरांना मात्र मिनिटाहूनही अधिक वेळ लागला. फक्त डोक्यातून दिलेल्या झटक्याची भूल काही थोड्याच सेकंदांची असते. भूल उतरायला लागणारा वेळ कमी आणि रक्तस्रावाने भान जायला लागणारा वेळ जास्त, असे झाले तर वासरू सुरी फिरल्यानंतर शुद्धीवर येऊ शकते. हॅमिल्टन येथील मांस उद्योग संशोधन संस्थेत कॅरिक डिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही १९८६ साली मेंढ्या आणि वासरांचे असेच आलेख प्रसिद्ध केले. प्रश्न आता सेकंदांत मांडला गेला होता.

त्याची उत्तरे दोन निघाली. पहिले म्हणजे तिसरा इलेक्ट्रोड छातीवर किंवा पाठीवर ठेवून प्रवाह हृदयातूनही सोडायचा. हृदय बंद पडले की शुद्धीवर येण्याचा प्रश्नच उरत नाही. पण मग कापताना जनावर जिवंत नसते, आणि हलालची अट मोडते. दुसरे उत्तर सुरीच्या जागेत बदल करण्याचे होते. वर गळ्याशी कापण्याऐवजी, किंवा गळा कापल्यावर लगेच, छातीच्या वरच्या टोकातून सुरी आत घालून हृदयाजवळचे रक्तवाहिनीचे मोठे खोड छेदायचे, जिथून मानेच्या आणि मणक्यांच्या दोन्ही धमन्या फुटतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील अनिल, ग्रेगरी, वॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली वासरांच्या कल्याणावर दोन निबंध प्रसिद्ध केले. फक्त मान कापल्यावर मणक्यांच्या धमन्यांतला रक्तप्रवाह उलट वाढतो, हे त्यांनी मोजून दाखवले, आणि छातीतून केलेला छेद हा पर्याय पारखून पुढे ठेवला. हा बदल दिसायला किरकोळ आहे. सुरी वीतभर खाली सरकते इतकेच. वासरासाठी मात्र तो बेशुद्धीतले मरण आणि शुद्धीवर येऊन मरणे यांतला फरक ठरू शकतो.

१९९५च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये वासरांचा प्रश्न रस्त्यावर आला होता. युरोपातल्या अरुंद खोक्यांत वाढवण्यासाठी जिवंत वासरे निर्यात होत होती, आणि शोअरहॅम व ब्राइटलिंगसी या बंदरांवर सामान्य गृहिणी, निवृत्त माणसे ट्रकसमोर आडवी होत होती. १ फेब्रुवारी १९९५ रोजी कॉव्हेंट्री विमानतळाजवळ वासरांच्या ट्रकखाली सापडून जिल फिप्स ही तरुण आई मरण पावली. त्याच वर्षी ब्रिटनने कत्तलीतील प्राणिकल्याणाचे नवे नियम केले.

युरोपीय स्तरावर १९७४ आणि १९९३ असे दोन निर्देश निघाले होते, पण त्यांत आकडे नव्हते. आकडे आले २००९च्या नियमावलीत, आणि ती १ जानेवारी २०१३ पासून लागू झाली. सहा महिन्यांखालील वासराच्या डोक्यातून किमान १.२५ अँपिअर प्रवाह गेलाच पाहिजे, मोठ्या जनावरासाठी १.२८ आणि मेंढीसाठी १ अँपिअर, असे तिने ठरवले. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत वासरासाठी १ अँपिअर हा आकडा आहे. युरोपच्या नियमावलीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली: यंत्राने प्रत्येक झटक्याची नोंद ठेवावी, प्रवाह अपुरा पडला तर आवाजाने किंवा दिव्याने इशारा द्यावा, आणि मोठ्या कत्तलखान्यात प्राणिकल्याणाची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीवर असावी. वासरू निश्चल आहे असे आता कामगाराने सांगून भागत नव्हते. किती प्रवाह किती वेळ गेला हे यंत्राने लिहून ठेवायचे होते.

तेच २००९ साल मॅसी विद्यापीठातील आणखी एका कामामुळे लक्षात राहते. क्रेग जॉन्सन, ट्रॉय गिब्सन, डेव्हिड मेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न असा होता की, भूल न देता गळा कापला तर वासराला वेदना होते का, हे वासराला वेदना न देता कसे शोधायचे. त्यांनी वासरांना हॅलोथेन या औषधाची अगदी हलकी भूल दिली. या भुलीत जाणीव नसते, पण वेदनेचा संदेश मेंदूत पोहोचला की ईईजी आलेखात त्याचे ठसे उमटतात. मग गळा कापला, आणि ठसे उमटले. हे रक्त गेल्यामुळे असेल का, हे पडताळण्यासाठी त्यांनी रक्तवाहिन्या वगळून फक्त मानेच्या ऊतींना छेद दिला, आणि उलटही करून पाहिले. वेदनेचे चिन्ह ऊती कापल्यामुळेच होते. छेदानंतर पाच सेकंदांत पिस्तुलाच्या आघाताने बेशुद्ध केले तर ते चिन्ह पुसले जाते, हेही त्यांनी दाखवले. वेदना दिल्याशिवाय वेदना सिद्ध करणारे हे काम या विषयातल्या सर्वांत करुणापूर्ण संशोधनांपैकी आहे.

अटलांटिकपलीकडे त्याच वर्षी याचे उलटे टोक दिसले. अमेरिकेत १९५८ पासून बेशुद्ध करण्याचा कायदा असूनही, व्हरमाँट राज्यातल्या एका कत्तलखान्यात कोवळ्या वासरांना टोचणीने विजेचे चटके देत उठवण्याचे आणि शुद्धीत असताना कापण्याचे छुपे चित्रण उघड झाले आणि तो कारखाना बंद करावा लागला. वीज तीच. ती डोक्यात नेमकी गेली तर भूल, अंगावर टोचली तर छळ. उभ्या राहू न शकणाऱ्या वासरांना कत्तलीसाठी न ठेवता तत्काळ वेदनारहित मरण द्यावे, असा नियम तिथे २०१६ साली झाला.

प्रत्यक्ष जागेवर या सगळ्याचा भार दोन-तीन सेकंदांवर येतो. चार दिवसांचे वासरू मेंढीसारखे कळपाने पुढे सरकत नाही, कारण कळपाची ओढ त्याला अजून लागलेलीच नसते. ते माणसाच्या मागे येते, हाताचे बोट तोंडात घेऊन चोखू लागते. त्याला हाकलून नव्हे, पाठीवर हात ठेवून चालवावे लागते. डोके लहान आणि सतत हलते, म्हणून चिमटा निसटतो. इलेक्ट्रोड डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेत, दोन्ही बाजूंना, एकाच वेळी घट्ट टेकायला हवेत. एक आधी टेकला तर वासराला बेशुद्धीऐवजी नुसता चटका बसतो. जागा ओली हवी, पण पाणी तोंडावर ओघळून प्रवाहाला कातडीवरूनच वाट मिळता कामा नये. जळके केस आणि चरबी यांची काजळी इलेक्ट्रोडच्या दातांवर बसते, ती तारेच्या ब्रशने वरचेवर काढावी लागते. झटका नीट बसला तर पुढचे पाय ताठ होतात, मागचे पोटाखाली ओढले जातात, लयबद्ध श्वास थांबतो; काही सेकंदांनी अंग सैल पडून पाय झाडू लागतात. या पाय झाडण्याला अनेकजण शुद्धीचे लक्षण समजतात, पण ते फिटीचेच पुढचे अंग असते. खरी सूचना वेगळीकडे मिळते: श्वास पुन्हा लयीत आला, डोळ्याला बोट लावल्यावर पापणी मिटली, डोके उचलण्याची धडपड झाली, तर त्याच क्षणी पुन्हा झटका किंवा पिस्तूल. सुरी त्यानंतर.

पाय झाडणारे वासरू कामगाराला लाथ मारू शकते, म्हणून न्यूझीलंडमध्ये झटक्यानंतर कमी दाबाचा दुसरा प्रवाह मणक्यातून सोडून स्नायू शांत करण्याची रीत आली. बेशुद्ध जनावरावर ती सुरक्षिततेसाठी आहे. भुलीवाचून केवळ असा प्रवाह देऊन जनावर आवळून धरण्याची यंत्रेही एकेकाळी बाजारात होती. १९८०च्या दशकात झालेल्या तपासण्यांत गाईगुरे अशा यंत्राला घाबरतात आणि टाळू पाहतात असे दिसले, आणि युरोपीय नियमांनी ती निषिद्ध ठरवली. क्रॉफ्ट यांनी १९५२ साली ओळखलेला तोच धोका तिथे यंत्राच्या रूपात विकला जात होता.

न्यूझीलंडमध्ये नोव्हेंबर २०१५मध्ये शेतांवर आणि कत्तलखान्यात वासरांशी होणाऱ्या वागणुकीचे छुपे चित्रण दूरचित्रवाणीवर आले, आणि देश हादरला. २०१६ साली वासरांसाठी स्वतंत्र नियम झाले. शेतावर डोक्यात आघात करून वासरू मारण्यास बंदी आली. ट्रकमध्ये चढवताना वासरू किमान चार दिवसांचे, नाळ सुकलेले, खूर घट्ट झालेले, स्वतःच्या पायावर उभे राहणारे असावे. प्रवास बारा तासांहून जास्त नसावा. शेवटच्या दुधानंतर चोवीस तासांच्या आत कत्तल व्हावी. आणि कुकच्या सामुद्रधुनीपलीकडे वासरे नेऊ नयेत. भूक, थकवा आणि थंडी यांनी गळून गेलेले वासरू झटक्याच्या आधीच अर्धे निपचित असते, मग भूल लागली की नाही हे ओळखणे कठीण होते. म्हणून प्रवासाचे हे नियम भुलीपासून वेगळे काढता येत नाहीत. कत्तलीपूर्वीच मरणाऱ्या वासरांचे प्रमाण २०१५ साली ०.२५ टक्के होते. २०१६ साली ते ०.१२ आणि २०१७ साली ०.०६ टक्क्यांवर आले.

इंग्लंडमध्ये २०१८ पासून कत्तलखान्यात जिथे जिथे जिवंत जनावर असते तिथे कॅमेरे सक्तीचे झाले. न्यूझीलंडमधील सर्वांत मोठ्या दूध संघाने, फोंटेराने, जून २०२३ पासून आपल्या सभासद शेतकऱ्यांना निरोगी वासरे शेतावर मारून टाकण्यास मनाई केली. ती वाढवावीत, किंवा मांसासाठी वा अन्य उपयोगासाठी पाठवावीत असा हा नियम आहे. त्यामुळे पूर्वी शेताच्या कोपऱ्यात मरणारी वासरेही आता वाढवली जातात, किंवा चार दिवसांची झाली की ट्रकमध्ये चढतात आणि कत्तलखान्यात त्याच चिमट्यापुढे येतात.